मूळ संख्यांना अंत नाही

१ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११ या आरंभीच्या मूळ संख्या होत. १ ते १०० यांमध्ये त्या २५ आहेत. ९०१ ते १००० यांमध्ये मात्र केवळ १४. पुढे पुढे त्या विरळ होत जातात. मग कोठेतरी त्या संपत असतील काय?

हे मोजून ठरवता येणार नाही. २०२४ मध्ये चार कोटींहून अधिक अंक असलेली मूळ संख्या सापडली. पण तिच्यापुढे आणखी मूळ संख्या आहेत की नाहीत, हे त्या शोधावरून कळत नाही. तेथे तर्काचाच आधार घ्यावा लागतो.

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने ‘एलेमेंट्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात या प्रश्नाचे उत्तर दिले. अठराव्या शतकात, जयपूर वसविणारे सवाई जयसिंह यांच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी या ग्रंथाच्या अरबी रूपावरून ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तो मुंबईत छापला गेला.

युक्लिडचा युक्तिवाद पुढीलप्रमाणे मांडता येतो. १ पेक्षा मोठ्या कोणत्याही संख्येचा, १ सोडून, सर्वांत लहान विभाजक घ्यावा. तो मूळ संख्याच असतो. कारण त्याला आणखी लहान विभाजक असता, तर त्यानेही मूळच्या संख्येला निःशेष भाग गेला असता. म्हणजे अशा प्रत्येक संख्येला एक तरी मूळ विभाजक असतो.

आता समजा, सर्व मूळ संख्या एका यादीत आल्या आहेत. त्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवावा. या नव्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरते. परंतु तिलाही मूळ विभाजक असलाच पाहिजे आणि तो यादीत नाही. यादी पूर्ण असल्याचे गृहीतक येथे खोटे ठरते. यादी कितीही लांब असली तरी हेच घडते. म्हणून मूळ संख्या अनंत आहेत.

मात्र ही नवी संख्या स्वतः मूळच असते, असा समज करून घेऊ नये. २, ३, ५ यांपासून ३१ ही मूळ संख्या मिळते. पण २, ३, ५, ७, ११, १३ यांपासून ३००३१ मिळते आणि ती ५९ × ५०९ एवढी आहे. हे दोन्ही मूळ विभाजक यादीबाहेरचे आहेत. सिद्धतेला तेवढेच पुरेसे आहे.

शब्दार्थ
निःशेष – बाकी न उरता
गृहीतक – खरे मानून चाललेले विधान

स्वाध्याय
१. मूळ संख्या मोजत राहिल्याने त्या अनंत आहेत हे सिद्ध का होत नाही?
२. ३, ५, ७ ही यादी घेऊन यादीबाहेरच्या मूळ संख्या शोधा.