दगडावरच्या नक्षीला भुलू नका

भोपाळजवळच्या भीमबेटका गुहेच्या छताला डिकिन्सोनिया सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर राहणारा हा मऊ, चपटा जीव. बातमी मोठी होती. पुढे जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी ती जागा नव्याने पाहिली. ठसा खडकात नव्हताच, खडकाला चिकटलेला होता आणि पापुद्र्यासारखा सुटत होता. ते आग्या मोहोळाचे अवशेष होते! ही दुरुस्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मूळ शोध मांडणारे ग्रेगरी रिटॅलॅक यांनी ती मान्यही केली. मला त्यांचा हा मोकळेपणा फार मोलाचा वाटतो.

दगड ओळखून घ्यायला येणाऱ्या हौशी मंडळींना मी हा किस्सा आवर्जून सांगतो. त्यांच्या हातात अनेकदा ‘नेच्याचा जीवाश्म’ असतो: फिकट दगडावर काळी, नाजूक नक्षी. ती मँगनीजच्या ऑक्साइडची असते. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून ते साचत जाते आणि त्याला फांद्या फुटत जातात. नेच्याच्या पानाला मधली शीर असते, तिच्या दोन्ही बाजूंना पर्णिका असतात. या नक्षीत ती शीर शोधून सापडत नाही.

खऱ्या जीवाश्मात त्याच्या घडणीची खूण उरते. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला दगड झालेली झाडे आहेत. गाडल्या गेलेल्या लाकडात सिलिका विरघळलेले पाणी मुरते, पेशींमध्ये खनिज बसते. म्हणून चांगल्या तुकड्यात लाकडाची वीण भिंगाखाली अजूनही दिसते. शंखाचे वेगळे. कवच विरघळले की खडकात साचा उरतो. त्यात खनिज भरले तर शंखाची प्रतिकृती तयार होते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर डायनासोरांची विष्ठाच दगड झाली. दिसायला नुसते गोळे. पण त्यांतले सूक्ष्म सिलिकाकण तपासल्यावर २००५ मध्ये कळले, की डायनासोरांच्या काळात गवत होते आणि ते खाल्लेही जात होते.

म्हणून आधी खडक विचारा, आकार नंतर. आपला काळा बेसाल्ट लाव्हाचा. जीवाश्म शोधायचे ते दोन लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात. नागपूरच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकात जीवाश्म मिळाले, ते अशाच थरात.

काही सापडले तर छिन्नी लावू नका. शेजारी नाणे ठेवून फोटो काढा, जागा आणि थर टिपून घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. थरातून उपटलेल्या दगडाचे वय सांगणे तज्ज्ञांनाही अवघड जाते.