आधी इंजन बंद, मग विचार

बाबू, तुझ्या आजोबांची बुलेट तू कोठ्यातून बाहेर काढतो आहेस याचा मला मनापासून आनंद आहे. पण सिल्लेवानी घाट चढायच्या आधी तेलाचं प्रकरण नीट समजून घे. पेट्रोल संपलं तर गाडी ढकलत नेता येते. तेलाचा दाब गेला आणि तू ‘आता रामाकोना आलंच’ म्हणत रेटत राहिलास, तर थेट क्रँकचं काम निघतं. जुन्या कास्ट आयर्न इंजनाचं ते काम नीट करणारे हात आता शोधत फिरावे लागतात. म्हणून माझ्या उस्तादांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य हेच : तेलाची शंका आली की आधी इंजन बंद, मग विचार. शंका खोटी निघाली तर दहा मिनिटं गेली, बाकी काही नाही.

आता ही गाडी ओळख. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला 1956 पासून ज्या घडणीची बुलेट बनू लागली, त्याच घराण्यातली ही 346 सीसीची गाडी. हिच्या डोक्यावर, हेडलाइटच्या घरात, अँपिअर मीटर आहे, स्पीडोमीटर आहे, दोन बाजूंना दोन बारीक टायगर लॅम्प आहेत. तेलाचा दिवा मात्र नाही. कारखान्याने तो दिलाच नव्हता. 1969 साली आलेल्या होंडा सीबी 750 ला तो होता, पुढच्या अनेक गाड्यांना आला. त्या गाड्यांत लाल दिवा सांगतो, आपल्या गाडीत तुझे कान, नाक आणि डिपस्टिक.

तुझ्या गाडीला कुणीतरी मध्ये एक लाल दिवा बसवून ठेवला आहे, तो मी पाहिला. तो मोटारीच्या प्रेशर स्विचवर चालत असेल तर त्याच्यावर जीव टांगू नकोस. या इंजनातला तेलाचा पंप दट्ट्याचा आहे आणि फार सावकाश चालतो : क्रँकचे बारा फेरे झाले की पंपाचा एक. आयडलला इंजन मिनिटाला 900 फेरे घेत असेल तर पंपाचे झाले 75. म्हणजे तेल धारेने नाही, ठोक्याठोक्याने जातं. गेज लावलंस तर काटा थरथरतानाच दिसेल, आणि मे महिन्याच्या उन्हात इंजन तापलं की आयडलला जवळजवळ खाली बसेल. नवा मेकॅनिक ते पाहून घाबरतो आणि इंजन खोलायला घेतो. या गाडीला फार दाब लागतच नाही, तिला अखंड तेल पोचायला हवं. गरम इंजनात आयडलला दिवा लुकलुकला आणि किंचित रेस देताच विझला, तर घाबरू नकोस. रेस देऊनही तो लागलेलाच राहिला, तर किल्ली बंद.

दिवा खरा बोलतो की खोटा, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. किल्ली चालू, इंजन बंद, अशा वेळी दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेला किंवा वायर तुटली, आणि असा मेलेला दिवा नसण्यापेक्षा वाईट, कारण तू त्याच्या भरवशावर निश्चिंत राहतोस. मग स्विचवरची वायर काढ. दिवा विझला पाहिजे. तरीही तो जळत राहिला तर वायर टाकीखाली किंवा हँडलजवळ घासून बॉडीला लागते आहे, तेलाचा त्यात काही दोष नाही. वायर ठीक असेल तर स्विचच्या जागी काट्याचं गेज लावून बघ. एवढं झाल्याशिवाय इंजनाच्या एकाही बोल्टाला पाना लावायचा नाही.

आता डिपस्टिक. इथे भलेभले फसतात. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, समज संत्र्याची तोडणी चालू आहे आणि तुला वेळ नाही, तर तेलाच्या टाकीतलं तेल हळूहळू पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये उतरतं. मग डिपस्टिक कोरडी दिसते. लोक म्हणतात, तेल कमी झालं, आणि वरून लिटरभर ओततात. गाडी सुरू होते, पांढरा-निळा धूर सोडते, ब्रीदरमधून तेल ओकते. तसं करू नकोस. उभ्या गाडीची डिपस्टिक पाहून कधीही तेल भरायचं नाही. आधी गाडी चालू कर, चार-पाच मिनिटं चालू दे, बंद कर, थोडं थांब आणि मग बघ. सगळ्या इंजनात मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास तेल मावतं. गिअरबॉक्सचं आणि प्रायमरी चेनचं तेल वेगळं, ते यात धरू नकोस. ग्रेड 20 डब्ल्यू 50, आपल्या उन्हाला तेच बरोबर.

डिपस्टिक काढलीस की नुसती पाहू नकोस, हुंगून बघ. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर रात्रभर गळतो आहे, नळ उघडा राहिला आहे आणि पेट्रोल सिलेंडरवाटे तेलात मिसळलं आहे. असं पातळ झालेलं तेल दाब धरत नाही, बेअरिंग वाचवत नाही. अशा वेळी पंप खोलण्यात काही अर्थ नाही. फ्लोट आणि नीडल दुरुस्त कर, तेल बदल, आणि रात्री नळ बंद करायची सवय लाव.

एवढं करूनही शंका राहिली तर तेलाचा प्रवाह बघायचा. रॉकरला जाणारे बारीक पाइप बाहेरूनच दिसतात. इंजन आयडलला ठेवून त्यांचा वरचा बँजो बोल्ट थोडा सैल केला की तेल पाझरतं. पुष्कळ लोक इथेच समाधान मानतात, आणि हे मला पटत नाही. रॉकरची वाट वेगळी, बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची, वाट वेगळी. वर तेल आलं म्हणून खाली क्रँकमध्ये पोचतंय असं होत नाही. बिग एंडकडे जाणारं तेल टायमिंग कव्हरमधल्या फिल्टरमधून जातं. म्हणून फिल्टरच्या झाकणाचा नट एक-दोन आटे सैल कर आणि तिथे तेल येतं का ते बघ. येत नसेल तर लगेच बंद.

फिल्टर बदलताना वॉशर, स्प्रिंग आणि झाकण ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेव. क्रम चुकला तर तेल फिल्टर सोडून भलतीकडे जातं किंवा अडतं. बसवताना आत तेल भर, नाहीतर रिकामा फिल्टर भरेपर्यंत बिग एंड कोरडा फिरतो. या गाडीत बिग एंडला फिरतं बुश आहे. रोलर थोडा वेळ कोरडेपणा सहन करतो, बुश करत नाही.

टायमिंग कव्हर काढायची वेळ आलीच तर दोन गोष्टी बघ. क्रँकच्या टोकात तेल शिरतं तिथे एक कॉर्कचा वॉशर असतो. तो वर्षांनी वाळतो, चेपतो, आणि पंप चांगला असूनही तेल क्रँकमध्ये न जाता बाजूने निसटतं. वस्तू अगदी स्वस्त, नुकसान प्रचंड. कव्हर उघडलं की तो नवाच टाक, जुना चांगला दिसला तरी. दुसरी गोष्ट, पंपाची चकती. ती कव्हरच्या सपाट तोंडावर घासत फिरते, तिच्यावर ओरखडे असतील तर दाब तिथूनच जातो. बारीक पेस्ट लावून, आठाच्या आकड्यात फिरवून ती बसवायची, आणि नंतर पेस्टचा कणही राहता कामा नये. गॅस्केटला सिलिकॉन चोपडणाऱ्याला मी गाडीला हात लावू देत नाही. त्याचे तुकडे सुटून तेलाच्या वाटेत अडकतात.

तेल काढशील तेव्हा ते जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळ आणि उन्हात धर. काळी धूळ चालेल. चमचमणारे कण दिसले तर त्यांच्याजवळ लोहचुंबक ने. चिकटले तर पोलाद, म्हणजे गिअर, कॅम किंवा अशाच कशाची झीज. चिकटले नाहीत आणि चांदीसारखे किंवा पितळी दिसले, तर बुश किंवा पिस्टन जातो आहे. त्यासोबत चढावर गाडीवर भार आला की खालून जड ठकठक ऐकू येत असेल, तर त्या दिवशी सौंसरलाही जाऊ नकोस. टेम्पोत घाल आणि माझ्याकडे आण.

घाटात जाताना डिकीत अर्धा लिटर तेल, एक कॉर्क, एक फिल्टर, टायमिंग कव्हरचं गॅस्केट आणि दोन चांगले पाने ठेव. बँजोचे तांब्याचे वॉशरही ठेव. जुने वॉशर पुन्हा लावले की तिथूनच गळती सुरू होते.