विमानाचे इंधन आणि शेतातील तेलबिया

विमानात वापरले जाणारे इंधन म्हणजे खनिज तेलापासून काढलेले एक प्रकारचे केरोसीनच होय. ते जळाले म्हणजे भूगर्भात दीर्घकाळ साठलेला कार्बन वातावरणात मिसळतो. वनस्पतीच्या तेलातील कार्बन मात्र तिने हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून तेलबियांपासून विमानाचे इंधन तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. शेतमालाशी त्यांचा निकटचा संबंध असल्याने त्यांची माहिती शेतकरी बांधवांनी करून घेणे अगत्याचे आहे.

तेलाचे इंधन कसे होते

घाण्यातून निघालेले तेल विमानास तसेच चालत नाही. खोबरेल तेल आपल्याकडे थंडीत बाटलीतच थिजते. विमानाचे नेहमीचे इंधन मात्र उणे ४७ अंश सेंटिग्रेडपर्यंत प्रवाही राहावे लागते. यासाठी तेलावर उष्णता व दाब यांच्या साहाय्याने हायड्रोजनची प्रक्रिया करतात. तीमुळे तेलातील ऑक्सिजन निघून जातो, लांब साखळ्या तुटतात व केरोसीनसारखा द्रव मिळतो.

सहकार्याने झालेले प्रयोग

हे कार्य एकट्या संस्थेच्या आवाक्यातील नव्हते. विमान कंपनी, विमान बांधणारे, इंजिन बनविणारे व तेल शुद्ध करणारे असे सर्व एकत्र आले. २४ फेब्रुवारी २००८ रोजी व्हर्जिन अटलांटिकचे विमान लंडनहून ॲमस्टरडॅमला गेले. त्याच्या चारपैकी एका इंजिनाच्या इंधनात शेकडा २० भाग खोबरेल व बाबासू ताडाच्या तेलापासून बनविलेला होता. ३० डिसेंबर २००८ रोजी एअर न्यूझीलंडने ऑकलंड येथे एका इंजिनात निम्मे इंधन मोगली एरंडाचे वापरले. पुढे २०११ साली अशा प्रक्रियायुक्त इंधनाचे मिश्रण शेकडा ५० पर्यंत करण्यास आंतरराष्ट्रीय मानकांत मान्यता मिळाली.

भारतात २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीस स्पाइसजेटचे विमान गेले. त्यातील मोगली एरंडाचे इंधन डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केले होते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या विमानात उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनाचे अल्प मिश्रण होते.

मोगली एरंडाचा धडा

प्रयोग यशस्वी झाले, तरी लागवड तशी झाली नाही. २००३ नंतर आपल्या देशात मोगली एरंडाचा मोठा प्रचार झाला. पडीक जमिनीत, पाण्यावाचूनही हे झाड भरपूर बी देते असा समज पसरला. प्रत्यक्षात झाड जगते, पण हलक्या जमिनीत व पाण्याच्या अभावी बी फारच थोडे येते. बी वेचण्यास मजुरीही पुष्कळ लागते. परिणामी अनेकांचे श्रम व पैसा वाया गेला. इंजिनाची कसोटी शास्त्रज्ञांनी घेतली. शेताची कसोटी मात्र लागवडीपूर्वी पुरेशी घेतली गेली नाही.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

१. खरेदीचा लेखी करार व भाव ठरल्याखेरीज इंधनाचे नवे पीक मोठ्या क्षेत्रावर घेऊ नये.

२. प्रथम बांधावर किंवा थोड्या जागेत लावून उत्पन्न व मजुरी यांचा हिशेब ठेवावा.

३. अन्नधान्याची व वैरणीची चांगली जमीन अशा पिकास देऊ नये.

४. मोगली एरंडाचे बी विषारी आहे. ते मुलांपासून दूर ठेवावे. त्याची पेंड जनावरांस घालू नये. ती खत म्हणून वापरावी.

नव्या मागणीचा लाभ अवश्य घ्यावा; परंतु आपल्या जमिनीचा अनुभव हाच त्यात प्रमाण मानावा.