चुकलात? तरी या!

न्यूयॉर्क हे अमेरिकेतले मोठे शहर. तिथे जीन निडेच नावाच्या एक बाई राहत. १९६१ साली त्यांचे वजन सुमारे ९७ किलो होते. वजन उतरावे म्हणून त्या शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात जात. काय खावे, काय खाऊ नये, ते तिथे सांगत. बाई ऐकून घेत. पण घरी मळक्या कपड्यांच्या टोपलीत बिस्किटे लपवीत नि गुपचूप खात. हे दवाखान्यात सांगायची त्यांना लाज वाटे.

मग त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावले. त्याही अंगाने जाड. बाईंनी आपली चोरी सांगून टाकली. कोणी हसले नाही. उलट, त्याही आपापली चोरी सांगू लागल्या. मनावरचे ओझे उतरले. मग त्या दर आठवड्याला जमू लागल्या. पुढच्या वर्षी बाईंचे वजन सुमारे ६४ किलोवर आले. १९६३ साली त्यांनी ‘वेट वॉचर्स’ ही संस्था काढली. वेट वॉचर्स म्हणजे वजनावर नजर ठेवणारे. पुढे असे वर्ग अनेक देशांत निघाले.

चांगल्या वर्गात वजनाचा आकडा चारचौघांत पुकारीत नाहीत. वजन वाढले तर रागावत नाहीत. काय झाले, ते विचारतात. सणाला जास्त खाल्ले? असू द्या. पुढच्या जेवणापासून पुन्हा सांभाळा.

असे का? लाज वाटली की माणूस वर्ग सोडतो. घरी बसून मन खाते, नि तो आणखी खातो.

आपल्या साक्षरता वर्गाचेही तसेच आहे, बरं का! अक्षर चुकले म्हणून घरी बसू नका.

प्रश्न : बाईंचे ओझे कशाने उतरले?