देवटेकची शिळा आणि वर्गातील पडदा

तंत्रज्ञान वर्गात आले म्हणजे शिक्षण आधुनिक झाले, असा समज सर्वत्र दृढ होत आहे. आम्हीही काही काळ त्याच समजात होतो. वर्गात प्रथम प्रोजेक्टर लागला तेव्हा आम्ही सम्राट अशोकावरील चित्रफीत तासभर दाखविली. मुले तल्लीन झाली. दुसऱ्या दिवशी विचारले, तर त्यांना युद्धातील हत्ती तेवढे आठवत होते. दोष यंत्राचा नव्हता. शिकविण्याचे आमचे काम आम्ही यंत्रावर सोपविले होते.

पुढील वर्षी तोच पाठ आम्ही आपल्याच मातीतून शिकविला. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात देवटेक हे गाव आहे. तेथे सापडलेली एक शिळा आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केली आहे. दुसरा, काही शतकांनंतरचा, वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा आहे. वसतिगृहातील प्रत्येक मुलाला नागपूरला नेणे आम्हांस शक्य नव्हते. पडद्यावर मात्र शिळा वर्गात आली.

या वेळी पडदा पंधरा मिनिटेच उजळला. छायाचित्र आधीच उतरवून ठेवले होते, कारण आमच्या भागात नेटवर्कचा भरवसा नाही. नंतर फळ्यावर ब्राह्मीची अक्षरे काढली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ही लिपी उलगडली, ते सांगितले. प्रत्येकाने आपले नाव त्या अक्षरांत लिहिले. ज्यांच्या आजोबांना कागदावर अंगठा उठवावा लागला, त्यांची नातवंडे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे गिरवीत होती. आमचा कंठ दाटून आला.

मग एका मुलीने विचारले, "सर, यात अशोकाचे नाव कुठे आहे?" ते नाव लेखात नाहीच, तेथे केवळ 'स्वामी' असा उल्लेख आहे. हा लेख अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे अनुमान होय. पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, यावर उरलेला तास रंगला. आदल्या वर्षीच्या चित्रफितीने असा एकही प्रश्न निर्माण केला नव्हता.

यावरून आम्ही एक कसोटी ठरविली आहे. जी वस्तू वर्गात अन्यथा आणता येत नाही, तिच्यासाठीच पडदा लावावा आणि मुलांच्या मनात प्रश्न जागा होताच तो बंद करावा.

पालकांनो, आज भ्रमणध्वनी आपल्या मुलांच्या हाती आहे. त्यावर दिसणारे सारेच खरे नसते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. पारखल्याविना काहीही स्वीकारू नये, ही त्या धम्माची शिकवण आहे. मूल घरी आल्यावर पडद्यावर काय पाहिले, एवढेच विचारू नका. ते कशावरून खरे, हेही विचारा.