बटण बंद, इंजिन चालू

तार तुटली की दिवा जातो. वायरिंगचा हा पहिला धडा लहानपणीच अंगात मुरतो. मी बावीस वर्षं बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत मशीनची कंट्रोल पॅनेल वायर केली. तिथेही तोच हिशेब होता, तार सुटली की मशीन थांबतं. छोट्या विमानाच्या इग्निशनमध्ये मात्र तार तुटली की इंजिन बटणाने थांबवताच येत नाही. हे मी वाचलेलं होतं, तरी माझ्या हातांना ते माहीत नव्हतं.

या शहराला लहान विमानांचं वेड जुनं आहे. जक्कूरच्या धावपट्टीवर कित्येकांनी उडायला शिकून घेतलं. राज हंस कंपनीची एक्स-एअर मायक्रोलाइट विमानं इथलीच. घरी बांधता यावं म्हणून बर्ट रुटान यांनी आखलेल्या लाँग-ईझीवरून नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजने एक प्रायोगिक विमान तयार केलं आणि १९८७ मध्ये इथेच उडवलं. पुढे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांसमोर आलं, तेव्हापासून कोल्हापूर, सांगली, नाशिककडची मुलं मला विचारू लागली, 'काका, वायरिंगला सामान काय काय लागेल?' त्यांना सामानाची यादी पाठवण्याआधी हे सांगायला हवं.

माझ्या एका मित्राच्या दोन आसनी विमानाचं वायरिंग मी हौसेने अंगावर घेतलं होतं. इंजिन रोटॅक्स ९१२. याची दोन्ही इग्निशन स्वतःची वीज स्वतः तयार करतात, बॅटरी काढून घेतली तरी ठिणगी पडत राहते. एखादं इग्निशन बंद करायचं म्हणजे त्याची तार बटणातून इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला टेकवायची. ती तार वाटेत कुठे तुटली तर बटण कितीही खालीवर करा, ते इग्निशन चालूच.

त्या सकाळी जमिनीवरच इंजिन तपासत होतो. चाकांना अडण्या लावलेल्या. माझ्या शेजारी मदतनीस मुलगा, आणि बाहेर अग्निशामक घेऊन मित्र. इंजिन ४००० फेऱ्यांवर आणून डावं इग्निशन बंद केलं, फेरे थोडे उतरले. डावं चालू करून उजवं बंद केलं. काटा तसूभरही हलला नाही. आज लिहितानाही अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला आनंद झाला होता! इंजिन किती एकसारखं चालतंय, असं मी त्या मुलाला म्हणालोसुद्धा. थोड्या वेळाने फेरे कमी केले, दोन्ही बटणं बंद केली आणि सवयीने बाहेर हाताने खूण केली, 'झालं.' मित्र अग्निशामक खाली ठेवून नाकाच्या दिशेने निघाला.

'सर, निल्तिल्ला!' मुलगा ओरडला. थांबत नाहीये.

पंखा फिरत होता. मी दोन्ही हात उंचावून मित्राला मागे हटवलं आणि इंधनाचा कॉक बंद केला. कार्बोरेटरच्या वाट्यांत उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत तो पंखा फिरत राहिला आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. त्याच दिवशी सकाळी तेलाची पातळी बघण्यासाठी तोच पंखा मी हाताने गोल गोल फिरवला होता. हाताच्या वेगाला या इंजिनात सहसा ठिणगी पडत नाही. मॅग्नेटो असलेल्या जुन्या इंजिनांत ती पडते, आणि माणसाचा हात जातो.

संध्याकाळी पॅनेल उघडलं. उजव्या बटणामागची लग, म्हणजे तारेवर दाबून बसवलेलं धातूचं टोक, जागच्या जागी होती, तिचं लाल टोपणही व्यवस्थित दिसत होतं. बोटाने तार जराशी ओढली आणि ती अलगद हातात आली. भिंगाखाली धरली. २४ धाग्यांची तार. बहुतेक धाग्यांची टोकं काळपट, म्हणजे ते आधीच कधीतरी तुटलेले. चार-पाच टोकं तेवढी चकचकीत होती. तेवढ्या धाग्यांवर शेवटचे काही दिवस निघाले असणार. काळ्या टोकांजवळ ब्लेडचे बारीक ओरखडे होते, कारण तार मी नेहमीप्रमाणे ब्लेडने सोलली होती. लग दाबली होती ती बेंगळुरूच्या एसपी रोडवरच्या दुकानातून आणलेल्या साध्या पकडीने. दुकानदाराचा यात दोष नाही, मी मागितलं तेच त्याने दिलं. पॅनेलचं कपाट जागेवर उभं असतं, तिथे तो जोड वीस वर्षं टिकला असता. विमानात इंजिनाचं कंपन दर सेकंदाला त्या तारेला वाकवत असतं, आणि ती वाकते नेमकी धातू संपतो तिथेच.

म्हणून मुलांनो, पैसे मोजायचे तर आधी क्रिंपिंगच्या, म्हणजे लग दाबायच्या हत्यारावर मोजा. रॅचेटवालं घ्या, जे पूर्ण दाब बसल्याशिवाय जबडा सोडतच नाही. हाताला कंटाळा आला म्हणून अर्धवट दाबलेला जोड त्यातून निघत नाही. लगही अशी हवी की टोपणाच्या आत धातूची आणखी एक नळी असेल. म्हणजे एक दाब तांब्यावर बसतो आणि दुसरा तारेच्या सालीवर. तो दुसरा दाब कंपन सोसतो, आणि माझ्या लगेत नेमका तोच नव्हता. टोपणाचे रंग सगळीकडे ठरलेले आहेत, बारीक तारेला लाल, १६-१४ गेजला निळं, १२-१० ला पिवळं. बारीक तार मोठ्या लगेत दुमडून कोंबू नका.

सोल्डर केलं तर अधिक पक्कं नाही का होणार, असं हमखास विचारलं जातं. सोल्डर धाग्यांमधून वर चढतं, तेवढी तार काडीसारखी कडक होते, आणि काडी जिथे संपते तिथे ती मोडते. सोल्डर करावंच लागलं तर तो भाग घट्ट बांधून आधार द्या.

जोड बसवण्याआधी त्याच तारेचे, त्याच लगेचे दोन-तीन नमुने करा आणि ओढून बघा. १८ गेजच्या जोडाने ३८ पौंड, म्हणजे सुमारे १७ किलो ताण सोसला पाहिजे. २० गेजने १९ पौंड. मी ताणकाटा वापरतो, पाणी भरलेली बादली टांगली तरी चालेल. नमुना निसटला तर हत्यार किंवा लग बदला, दाबणाऱ्या हाताला दोष देत बसू नका.

तारेचं बोलायचं तर आपल्या बाजारात ती चौरस मिलिमीटरमध्ये मिळते आणि विमानाचे आराखडे गेजमध्ये बोलतात. २२ गेज म्हणजे साधारण ०.३३, २० म्हणजे ०.५२, १८ म्हणजे ०.८२ चौरस मिलिमीटर. तीन गेज खाली आलात की तांबं दुप्पट होतं, एवढं ध्यानात ठेवलं तर पुरे. घरची पीव्हीसी तार विमानात नको. तिची साल ७० अंशांपर्यंतची असते, आणि जळताना ती आम्लाचा धूर सोडते. एवढ्याशा केबिनमध्ये तो धूर कोंडला तर खिडकी उघडायलाही माणूस शुद्धीवर राहायला हवा. विमानासाठीच्या टेफझेल तारेची साल १५० अंश सोसते आणि पातळही असते. ती महाग पडते, बाहेरून मागवावी लागते, वाट बघावी लागते. वाट बघा. आणि सोलायला ब्लेड नको, त्या गेजचा स्ट्रिपर घ्या.

फ्यूज पुरवठ्याच्या टोकाला बसवा, तो आधी तारेला वाचवण्यासाठी असतो. इग्निशन बंद करणाऱ्या तारेत मात्र फ्यूज कधीही नको. उडाला तर बटण गेलंच. तीच तार जाळीच्या आवरणाची घ्या, नाहीतर रेडिओत इंजिनाची शीळ ऐकू येते. तारा बांधायचे प्लॅस्टिकचे पट्टे कापलेत तर टोक सपाट कापा, नाहीतर पुढच्या दुरुस्तीत मनगट रक्तबंबाळ होतं.

त्या विमानातला प्रत्येक जोड आम्ही नंतर तोडला आणि पुन्हा केला. आता इंजिन तपासताना तोच मुलगा शेजारी बसून टॅकोमीटर वाचतो. मी डावं बटण बंद करतो आणि थांबतो. 'इळीतु, सर,' तो म्हणतो. उतरलं. डावं चालू करतो, मग उजवं बंद करतो, आणि तो शब्द पुन्हा ऐकू येईपर्यंत बाहेरच्या माणसाला कसलीही खूण करत नाही.