स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे



या वेळचा विषय आपल्या बैठकीत मोठ्यानं कुणी बोलत नाही. हप्ते गोळा होतात, सह्या होतात, सतरंजी गुंडाळली जाते, आणि मग एखादी मागं थांबून चप्पल घालता घालता विचारते, "मॅडम, एक विचारू का?" त्या 'एक विचारू का'मध्ये बऱ्याच वेळा नवऱ्याचं, सासरचं, माहेरी परत आल्याचं दुखणं असतं.

इस्लामपूरजवळच्या एका गावात अशीच एक ताई मागं थांबली होती. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शंभराचा स्टॅम्प पेपर काढला. "आमचं झालंय मॅडम, सोडचिठ्ठी झालीय." कागदावर दोघांच्या सह्या होत्या, पाच पंचांच्या सह्या होत्या, खाली नोटरीचा लाल शिक्का होता. मजकूर असा: पत्नी पोटगी मागणार नाही, दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे. ताईच्या माहेरच्यांनी तिच्यासाठी दुसरं स्थळ बघायला सुरुवात केली होती. मी कागद वाचला आणि म्हटलं, "मग झालं की."

चुकलं माझं. समाजकार्याची पदवी आहे, पण ते मला त्या दिवशी सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात एका वकील मैत्रिणीला सहज सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ती अजून त्याची बायकोच आहे." मी परत गावात गेले, ताईच्या आईसमोर बसले आणि माझं सांगणं मागं घेतलं. म्हणून हा लेख.

काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत

हे तिन्ही शब्द आपल्या भागात आजही एकाच अर्थानं चालतात. पूर्वी अनेक समाजांत पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडलं, अशी रीत होती. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंतर हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. कायद्यात रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला थोडी जागा ठेवलेली आहे (कलम 29). पण "आमच्यात चालतं" एवढं म्हणून भागत नाही. आपल्या समाजात ही रीत फार जुन्या काळापासून सलग चालत आलेली आहे, हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि ते फार जड काम आहे. नोटरीचा शिक्का फक्त एवढंच सांगतो की सही करणारी माणसं त्याच्यासमोर होती. स्टॅम्प पेपर शंभराचा असो नाहीतर पाचशेचा, त्यानं लग्न मोडत नाही.

मग काय बिघडतं? दोन बाजू आहेत, दोन्ही नीट समजून घ्या.

एक, अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते कायद्यानं रद्दबातल ठरतं, आणि पहिल्या जोडीदारानं तक्रार केली तर तो गुन्हाही आहे. याचा फटका बाईला कसा बसतो ते आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून कळतं. यमुनाबाई आढाव यांचं 1974 साली हिंदू पद्धतीनं लग्न झालं. पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती आणि ते लग्न मोडलेलं नव्हतं. सासरी छळ झाला म्हणून यमुनाबाई निघाल्या आणि त्यांनी पोटगी मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1988 मध्ये निकाल लागला: पहिलं लग्न कायम असताना झालेलं दुसरं लग्न रद्दबातल, म्हणून पोटगीच्या कलमात त्या 'पत्नी' ठरत नाहीत. पोटगी मिळाली नाही. पुढे 2013 मध्ये, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात, सुप्रीम कोर्टानं म्हटलं की पहिलं लग्न लपवून फसवणाऱ्या नवऱ्याला त्या फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही, आणि त्या बाईला पोटगी दिली. पण तिथं तिला फसवलेलं होतं. स्टॅम्प पेपर बघून, सगळं माहीत असून उभी राहिलेली बाई काय सांगणार? म्हणून स्थळ घटस्फोटिताचं असेल तर "कोर्टाचा हुकूमनामा दाखवा" म्हणायला लाजू नका. हुकूमनामा झाल्यावरही अपिलाची मुदत, म्हणजे 90 दिवस, संपेपर्यंत लग्न करता येत नाही.

दुसरी बाजू उलटी आहे आणि ती आपल्याला कुणी सांगत नाही. त्या कागदावर सही केलेली बाई कायद्यानं पत्नीच राहते. म्हणजे उद्या नवरा वारला तर ती त्याची विधवा आणि वारस आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तिला वगळता येत नाही. "पोटगी मागणार नाही" असं लिहून दिलं असलं तरी पोटगीचा अर्ज करण्याचा तिचा हक्क त्या कागदानं संपत नाही. सही करून बसला असाल तर घाबरू नका. अजून सही केली नसेल तर करू नका, एवढंच.

घटस्फोटच हवा का?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. "नांदायचं नाही" आणि "घटस्फोट हवाय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटस्फोट न घेता सुद्धा पोटगी मिळते. आधी ती फौजदारी संहितेच्या कलम 125 खाली मिळायची, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या कलम 144 खाली मिळते. घरात मारहाण, शिवीगाळ, उपाशी ठेवणं, घराबाहेर काढणं असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, खर्च मिळतो आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं.

रीतसर घटस्फोट झाला की नवऱ्याची वारस म्हणून असलेला हक्क संपतो. पण दुसऱ्या बाजूनं, मोकळं होऊन नवं आयुष्य सुरू करायचं असेल तर घटस्फोटाशिवाय वाट नाही. दोन्ही तराजूत टाकून ठरवायचं, आणि ते जिचं तिनं. गटानं नव्हे, पंचांनी नव्हे, मी तर अजिबात नव्हे.

ठरलंच, तर दोन वाटा आहेत. दोघांची संमती असेल तर कलम 13-ब. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोघं मिळून अर्ज करतात, सहा महिने थांबायचं, मग पुन्हा कोर्टासमोर जाऊन "हो, आमची संमती कायम आहे" सांगायचं. गाडी आता जुळण्यासारखी उरलीच नसेल तर हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असं 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे. शेवटचा निकाल होईपर्यंत तुम्ही संमती मागं घेऊ शकता.

इथं सगळा जीव अटींच्या कागदात असतो. एकरकमी रक्कम किती, ती कधी, दागिने आणि भांडी कोणती परत, मुलं कुणाकडे, शाळेचा खर्च कुणाचा, हे सगळं त्यात लिहून घ्या. "नंतर देतो" हा शब्द चालू देऊ नका. डिमांड ड्राफ्ट शेवटच्या तारखेला कोर्टात हातात पडला पाहिजे. आणि मुलांची पोटगी सोडून देण्यावर सही करू नका. ती रक्कम मुलांची आहे.

एकाची संमती नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं: छळ, दोन वर्षं टाकून दिलेलं असणं, दुसऱ्या बाईशी संबंध, अशी कारणं कायद्यात दिलेली आहेत. याला वर्षं लागतात, खोटं कशाला सांगू. पण केस चालू असताना अंतरिम पोटगी आणि केसचा खर्च मागता येतो. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात, जो मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातून वर गेला होता, दोन कामाच्या गोष्टी ठरवून दिल्या. नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. आपल्याकडे नवरे कोर्टात हमखास सांगतात, "मला कमाई नाही, जमीन वडिलांच्या नावावर." म्हणून कारखान्याची ऊसबिलाची पावती, डेअरीचं दूधबिल, सातबारा, गाडीचा नंबर, असं जे मिळेल त्याचे फोटो आधीच मोबाईलमध्ये घेऊन ठेवा.

केस कुठं घालायची? पत्नी जिथं राहते तिथल्या कोर्टात ती अर्ज करू शकते, 2003 पासून कायद्यात तशी सोय आहे. सासर मुंबईला असो की गलाईच्या धंद्यापायी कोलकात्याला, माहेरी वाळवा तालुक्यात राहणाऱ्या बाईला तिकडं हेलपाटे घालायची गरज नाही.

आणि नवऱ्यानं तिकडं केस घातली, समन्स आलं, तर ते घ्या. "घेतलंच नाही तर केस कशी चालेल" असं सांगणारे शहाणे प्रत्येक गावात आहेत. समन्स नाकारलं तरी ते बजावलं असं धरता येतं, आणि तुमच्या मागं एकतर्फी घटस्फोट होऊ शकतो.

मुस्लिम भगिनींसाठी 1939 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली पत्नी कोर्टातून विवाहविच्छेद मागू शकते. एका दमात दिलेला तीन तलाक 2019 पासून गुन्हा आहे. आणि पोटगीचं वर सांगितलेलं कलम त्यांनाही लागू आहे, हे सुप्रीम कोर्टानं जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

वकील कसा शोधायचा

"वकील म्हटला की म्हैस विकायला लागती," असं एक काकी म्हणाल्या. नाही लागत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड लागत नाही. घरच्यांकडे चार एकर ऊस असला तरी हक्क आहे, कारण हक्क तुमचा आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारात असते. इस्लामपूरच्या कोर्टात गेलात की तिचं कार्यालय विचारा. साधा अर्ज, आधारकार्ड, लग्नाचा पुरावा आणि तुमची हकिकत एवढ्यावर काम सुरू होतं. जायला जमत नसेल तर 15100 या नंबरवर फोन करा. शिवाय घटस्फोट, पोटगी, हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्रात 1994 पासून महिलांना कोर्ट फी माफ आहे. कुणी कोर्ट फीच्या नावाखाली पैसे मागितले तर विचारा, कसली फी?

"फुकटचा वकील लक्ष देत नाही" ही तक्रार मीही ऐकते. काही वेळा खरी असते. पण वकील तारखेला येत नसेल, बोलत नसेल, तर समितीकडे लेखी अर्ज देऊन दुसरा मागता येतो. पैसे देऊन केलेल्या वकिलाच्या बाबतीत मात्र बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात.

तुम्ही स्वतः पैसे भरून वकील करणार असाल तर चार गोष्टी पाळा. कोऱ्या कागदावर सही नाही. मूळ कागद द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायच्या. दिलेल्या पैशाची पावती किंवा निदान ऑनलाइन नोंद हवी. दाखल केलेल्या अर्जाची प्रत आणि केसचा सीएनआर नंबर मागून घ्या. तो नंबर ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि कोर्टात काय झालं ते दिसतं. आपल्या गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुली हे दोन मिनिटांत करून देतात. आणि "पोटगी मिळाली की त्यातला अमुक टक्के माझा" असं कुणी म्हणालं तर उठून या, वकिलाला असा वाटा घेता येत नाही.

लोकअदालतीत पोटगीचा वाद मिटवता येतो, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी मजकूर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या.

गटानं काय करायचं

आपल्या तालुक्याला याची परंपरा आहे. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं टाकलेल्या बायकांचा प्रश्न सांगली जिल्ह्यात चव्हाट्यावर आणला. तेव्हा बचत गट नव्हते. आज प्रत्येक वाडीवर दहा-बारा बायका दर महिन्याला एकत्र बसतात.

गटानं न्यायनिवाडा करायचा नाही. सोबत जायचं. तारखेला एकटी बाई कोर्टाच्या बाकावर बसली की समोर सासरची सहा माणसं असतात, तेव्हा शेजारी आपली एक मैत्रीण असली तरी फरक पडतो. तिच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता त्या महिन्यात थकला तर ठराव करून मुदत द्या. बँकेचं कर्ज तिच्या नावावर आहे आणि पैसा नवऱ्यानं गाडीला घातला असेल, तर पासबुकाची नोंद आणि ठरावाची प्रत तिला काढून द्या, तो तिचा पुरावा आहे. आणि सतरंजीवरचं बोलणं पाणवठ्यावर जाऊ देऊ नका. एका गटात ते गेलं, आणि ती बाई पुन्हा बैठकीला आली नाही.

घटस्फोटाची केस चालू असलेल्या किंवा घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या बायकांना संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. फॉर्म तहसील कार्यालयात मिळतो, उत्पन्नाची अट तिथं विचारून घ्या.

त्या स्टॅम्प पेपरवाल्या ताईनं आता समितीकडे अर्ज दिला आहे. नवराही तयार आहे, त्यालाही दुसरं लग्न करायचंय. संमतीच्या अटींत तिनं तिची अडीच तोळ्यांची माळ आणि मुलाच्या शाळेचा खर्च लिहून घेतला आहे. दुसरी तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि गटातल्या दोघी सोबत जाणार आहेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरात आपला विवाह नोंदणीचा दाखला शोधून बघा. नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो बघा, आणि झेरॉक्सचा एक संच माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन नंबर लिहून घ्या: मोफत वकिलासाठी 15100, महिला हेल्पलाइन 181, आणि जीवावर बेतलं तर पोलिसांसाठी 112.